लाल चौकटीतल्या ओळी

लाल चौकटीत ॲलर्जीखेरीज दुसरे काही लिहायला सुरुवात केली ती माबेल तेचेराने, आणि ते लिहिणे बंद पाडले तेही तिनेच. पुएर्तो सेरालच्या आमच्या इस्पितळात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासमोर कोणी बोलत नाही, एवढेच.

ती तेव्हा बायकांच्या वॉर्डात परिचारिका होती. इस्पितळात नुकतेच कॉम्प्युटर आले होते; जाडजूड, तापणारे, दुपारच्या वामकुक्षीनंतर हमखास रुसणारे. रुग्णाचे नाव टाकले की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल चौकट यायची: ॲलर्जी. बाकीची माहिती निरनिराळ्या पानांवर विखुरलेली असे, पण ही चौकट प्रत्येक पानावर सोबत असायची. औषध देणाऱ्याला दिसायची, जेवण पाठवणाऱ्याला दिसायची, खाट ठरवणाऱ्यालाही. आणि तिच्यात काहीही टाइप करता यायचे. बनवणाऱ्यांना कुंपण घालायचे सुचलेच नव्हते.

एका हिवाळ्यात एक शिक्षिका न्यूमोनियाने भरती झाली. तिला नऊ नंबरची खाट मिळाली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, सूप परत जाऊ लागले, ताप उतरला तरी डोळे उघडेनात. मग कधीतरी तिने माबेलला सांगितले की तिची मुलगी याच खाटेवर गेली होती. माबेलने त्याच घटकेला तिला खिडकीजवळ हलवले. पण ही बाई पुन्हा कधी आली, आणि आपण ड्यूटीवर नसलो, तर? तिने थोडा विचार केला आणि लाल चौकटीत टाइप केले: खाट नऊ देऊ नये.

संध्याकाळी नेल्बा बेन्तांकोर ड्यूटीवर आली. नेल्बा माबेलहून वयाने मोठी, अंगाने दुप्पट, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाच्या कडू चहाची भोपळ्याची वाटी असल्याशिवाय वॉर्डात पाऊल न टाकणारी. तिने पडदा पाहिला.

"हे काय गं? खाटेची ॲलर्जी?"

"आहेच तिला."

नेल्बाने नळीतून एक घोट ओढला, पुन्हा वाचले, आणि हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः एक ओळ लिहिली.

असे ते सुरू झाले. पुढे पुरुषांच्या वॉर्डातही पसरले, बाळंतिणींच्याही. नवरा जवळ असताना काही विचारू नका. वाचता येत नाही, चष्मा विसरले म्हणते, आपणच वाचून दाखवा. पाद्रीबाबांशी बोलल्याशिवाय सही करणार नाही, घाई करू नका. पेन्यारोल फुटबॉल क्लबचा भक्त आहे, रविवारची मॅच हरली असेल तर रक्तदाब दुसऱ्या दिवशी घ्या. ही शेवटची ओळ नेल्बाची. ती वाचून मोठे डॉक्टर चिडले होते, आणि मग त्याच माणसाचा रक्तदाब सोमवारी घ्यायला त्यांनीच सांगितले होते.

कोणी नियम केला नव्हता, कोणी शिकवलेही नव्हते. नवी परिचारिका आली की आठवड्याभरात तिला कळायचे की लाल चौकट आधी वाचायची आणि जाताना, काही कळले असेल तर, तिथे ठेवून जायचे. दुसऱ्या कुठल्या इस्पितळात कोणी असे करत असेल असे वाटत नाही. आमच्याकडे मात्र माणूस इस्पितळात येण्याआधी त्याची ओळ येऊन बसलेली असायची.

माबेल गावाबाहेरच्या एका मोठ्या मेंढवाड्यावर वाढलेली. बाप लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाकी होता. लहानपणी मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा ओळखणे हा तिचा खेळ होता, आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढण्याची हौस तिला तेव्हापासूनच असावी. लग्न तिने केले नाही. वॉर्ड तिला आवडायचा. पण एका जाडजूड बाईला खाटेवर वर ओढताना तिच्या पाठीत काहीतरी सरकले, आणि उपचारांनंतर डॉक्टरांनी सांगितले की आता माणसे उचलणे बंद. तिला तळमजल्यावर संगणक विभागात खुर्ची मिळाली. खुर्ची चांगली होती, खिडकी नव्हती.

पहिले वर्ष ती कुढली. मग तिला ते काम सापडले, ज्यावर पुढे तिने जीव ओवाळून टाकला.

काम असे होते. एकच आजार डॉक्टर हजार तऱ्हांनी लिहितात. कोणी मधुमेह लिहितो, कोणी साखर, कोणी नुसती तीन अक्षरे. माणसाला तिन्ही कळतात. यंत्राला ती तीन वेगळी दुखणी वाटतात. म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी मिळून एक भलामोठा कोश केलेला आहे. त्यात प्रत्येक आजाराला, प्रत्येक अवयवाला, प्रत्येक औषधाला एकच ठरलेली जागा आणि एकच क्रमांक. आपल्या इस्पितळात जे जे लिहिले जाते ते ते उचलून त्या कोशातल्या योग्य जागेशी जोडायचे. एकदा जोडले की यंत्र शहाणे होते: या बाईला हे औषध देऊ नका म्हणून थांबवते, या महिन्यात या वस्तीत अतिसार वाढला म्हणून सांगते, आणि इथला रुग्ण राजधानीत गेला तरी तिथल्या पडद्यावर त्याचा आजार तोच राहतो.

माबेलला त्यात चव सापडली. कोशात प्रत्येक गोष्टीच्या वर एक गोष्ट असते. पायाच्या अंगठ्याच्या वर पाऊल, पावलाच्या वर पाय, पायाच्या वर शरीर. ती बोटाने पडद्यावर वर वर जायची आणि तिला बरे वाटायचे. घाईत चुकीची जोडणी करण्यापेक्षा दिवसभर एका शब्दावर बसणे तिला पसंत होते. राजधानी मोंतेविदेओहून आलेले लोक म्हणायचे की या बाईची जोडणी पुन्हा तपासावी लागत नाही. हे तिने कोणाला सांगितले नाही, पण ते तिला आतून ऊब देत राहिले.

मग नव्या सॉफ्टवेअरची वार्ता आली. त्यात प्रत्येक रकाना थेट कोशाला बांधलेला असणार होता. लिहायचे नाही, निवडायचे. ते बसवायला हेर्मान फालेरो नावाचा एक इंजिनिअर राजधानीहून येऊ लागला. पोरगेलासा, नम्र, येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून बिस्कोचो नावाच्या गोड पावांची पिशवी आणणारा. त्याने लाल चौकटीतला सगळा मजकूर बाहेर काढला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हे काय आहे? 'सुईआधी गाणं म्हणायला सांगा.' ही ॲलर्जी आहे?"

"नाही."

"मग इथं कशी आली?"

"लोकांना दिसावी म्हणून."

"हो, पण मग खरी ॲलर्जी कोणाला दिसणार?"

हे माबेलने स्वतः पाहिले होते. आदल्याच उन्हाळ्यात एका मुलीच्या लाल चौकटीत तीन ओळी होत्या: आजीशिवाय कोणाच्या हातून गोळी घेत नाही, शीर डाव्या हाताला सापडते, पेनिसिलीन. घाईतल्या डॉक्टरने पहिल्या दोन वाचल्या, हसला, आणि तिसरी त्याच्या नजरेतून निसटली. मुलगी सुजली, निळी पडली, आणि कशीबशी वाचली. त्या दिवशी तिची आजी जिन्यावर बसून होती, आणि माबेल तिच्या बाजूने खाली मान घालून गेली होती. ही पद्धत आपण सुरू केली आहे हे त्या आजीला माहीत नव्हते, पण माबेलला होते.

म्हणून लाल चौकट साफ करायचे तिने मनापासून हाती घेतले. ओळी हजारोंनी होत्या. ज्या खऱ्या ॲलर्जी होत्या त्या जोडल्या. ज्या आजारात बसत होत्या त्या आजारांच्या यादीत नेल्या. उरल्या त्या, ज्यांना कोशात कुठेच जागा नव्हती. गाणे म्हणायला सांगा, याला क्रमांक नसतो.

नेल्बाच्या कानावर हे गेलेच. ती जिना उतरून तळमजल्यावर आली. तिच्या गुडघ्यांना जिना सोसत नसे, म्हणजे रागाने आली होती.

"आमच्या ओळी कुठं चालल्या, माबेल?"

"कुठं जात नाहीत. वेगळ्या फाइलीत जपून ठेवतेय."

"फाइल खाटेपाशी दिसते?"

"आत्ता नाही. पण एक नवीन रकाना मागितलाय, खास त्यांच्यासाठी. पुढच्या आवृत्तीत येईल म्हणालाय तो."

"कोण, बिस्कोचोवाला?" नेल्बाने टेबलावरचा एक बिस्कोचो उचलून तोंडात टाकला. "त्याच्या शब्दावर जाऊ नकोस बाई. यांची पुढची आवृत्ती म्हणजे माझ्या भावाचं पुढच्या महिन्यात दारू सोडणं."

"अगं, लेखी दिलंय त्यानं."

"मग रकाना येऊ दे, आणि मग चालू कर. तुझ्या सहीशिवाय चालू होत नाही ना हे?"

होत नव्हते. जोडणी पुरी झाली, असे माबेलने सही करून सांगितल्याशिवाय जुने बंद होऊन नवे सुरू होणार नव्हते. नेल्बाने ते बरोबर हेरले होते.

"थोडं थांब, एवढंच म्हणतेय," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुझं काम अडवायचं नाहीये मला. पण आम्हाला जे कळतं ते पुढच्या पाळीला कळायला दुसरी वाट नाही गं. तूच काढलेली वाट आहे ती."

"बघते," माबेल म्हणाली. "वचन देते, हरवणार नाहीत."

ती खोटे बोलत नव्हती. तिला खरेच वाटत होते की रकाना येईल. पण उत्तरेकडच्या सरकारी इस्पितळांत हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा आपल्याकडे सुरू व्हावे अशी संचालकांची इच्छा होती, मंत्रालयातून माणसे येणार होती, आणि हेर्मानने पडद्यावर एक हिरवी पट्टी दाखवली होती जी जवळजवळ पूर्ण भरली होती. जे जोडण्यासारखे होते ते सगळे जोडून झाले होते, एकही चूक नव्हती. ती पट्टी पाहून माबेलला काय वाटले असेल, हे ज्याने वर्षानुवर्षे बिनखिडकीच्या खोलीत एक काम नीट केले आहे त्यालाच कळेल. तिने सही केली. टाळ्या वाजल्या. संचालकांनी भाषणात तिचे नाव घेतले, आडनाव चुकवले.

रकाना पुढच्या आवृत्तीत आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कंपनी विकली गेली, हेर्मान चिलीला गेला, आणि नव्या लोकांना तो कागद सापडेना.

आदेमार पिन्तोस हा रेल्वेतला निवृत्त माणूस. इंजिनात कोळसा घालण्यात त्याचे तरुणपण गेले, आणि त्यातच उजवा कानही. बायको वारल्यापासून तो जुन्या स्टेशनाच्या मागे एकटा राहायचा. मधुमेहाने पाय पोखरला होता, त्यामुळे पुरुषांच्या वॉर्डात त्याची ये-जा असे. नेल्बाचा तो लाडका होता. तो तिला "सरकार" म्हणायचा. त्याच्या लाल चौकटीतली ओळ नेल्बाने लिहिली होती: उजव्या कानाने ऐकू येत नाही. डावीकडून बोला. लाजतो, कळले नाही तरी हो म्हणतो.

ही ओळ माबेलच्या हातांखालून गेली होती. ती तिला आठवत होती, कारण ती चांगली जोडली गेली होती. उजव्या कानाचे बहिरेपण, याला कोशात नेमकी जागा आहे. जवळपासची नाही, नेमकी. असे जुळले की माबेलला समाधान वाटायचे. उरलेल्या शब्दांसाठी तिने बराच वेळ शोधले होते. लाजाळूपणा नावाचे काहीतरी मानसिक विकारांच्या फांदीवर होते. ते लावणे चूक झाले असते, आणि तिने ते लावले नाही. बहिरेपण आजारांच्या यादीत गेले. लाल चौकटीत राहिले: ॲलर्जी नाही.

जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, नदीवरचे धुके दुपारपर्यंत हलत नाही अशा दिवसांत, आदेमारला भरती केले. पाऊल काळे पडले होते. नेल्बा त्या आठवड्यात बहिणीकडे गेली होती. डॉक्टर इरिगाराय तरुण होता, पण उथळ नव्हता. तो खाटेपाशी बसला, सगळे समजावून सांगितले, मध्येमध्ये थांबून विचारले. डाव्या बाजूला सलाइनचा स्टँड होता, म्हणून तो उजवीकडे बसला.

"पाय गुडघ्याखालून काढावा लागेल आजोबा. नाहीतर विष वर चढेल. समजतंय ना?"

"हो, हो."

"काही विचारायचंय?"

"नाही डॉक्टर. तुम्ही म्हणाल तसं."

"घरी कोणाला कळवायचं?"

"हो, हो," आदेमार म्हणाला, आणि दाखवले तिथे सही केली.

शस्त्रक्रिया झाली. सुट्टी संपवून नेल्बा वॉर्डात आली, तेव्हा त्याने तिचा हात धरून तिला डावीकडे ओढले.

"सरकार," तो म्हणाला, "माझा पाय कुणी नेला?"

नेल्बा तळमजल्यावर आली. माबेलला वाटले होते की ती ओरडेल. ती ओरडली नाही.

"पिन्तोसचं पान उघड."

माबेलने उघडले. लाल चौकटीत होते: ॲलर्जी नाही.

"आता त्याचा कान कुठं लिहिलाय ते दाखव."

माबेलने दुसरे पान उघडले, मग त्यातली आजारांची यादी, मग यादीच्या तळाशी गेली. उजव्या कानाचे बहिरेपण. बाजूला क्रमांक, आणि नोंद करणाऱ्याचे नाव: मा. तेचेरा.

"बरोबर लिहिलंय," नेल्बा म्हणाली.

"नेल्बा..."

"नाही, बरोबरच आहे. एक अक्षर चुकलेलं नाही." ती दारापर्यंत गेली. "त्यापेक्षा चुकलं असतं तर बरं झालं असतं. निदान कोणीतरी थांबून विचारलं असतं, हे काय म्हणून."

त्यानंतर दोघींचे बोलणे बंद झाले. भांडण असे काही नव्हते. जिन्यात भेटल्या तर नेल्बा मान हलवायची, परक्याला हलवावी तशी.

चौकशी झाली, पण दोष कोणाचाच निघाला नाही. पाय काढणे योग्यच होते, सगळ्या शल्यविशारदांनी तेच सांगितले. बहिरेपणाची नोंद होती. डॉक्टरने समजावून सांगितले होते. सही होती. इरिगाराय मात्र नंतर एकदा कॅन्टीनमध्ये माबेलच्या समोर येऊन बसला. "मी त्याला विचारलं होतं बाई," तो म्हणाला. "तो इतक्या छान 'हो' म्हणतो." माबेलला त्याला सांगावेसे वाटले की हे नेमके कुठे लिहिलेले होते. तिने सांगितले नाही. त्याला त्याचा काय उपयोग होता?

वसंतात ती आदेमारला भेटायला गेली. तो दारात चाकाच्या खुर्चीत उन्हाला बसला होता, पायाशी दोन कुत्री. तिने एक खुर्ची त्याच्या डावीकडे ओढली.

"मी इस्पितळातून आलेय. माबेल."

"या, या. पाणी गरम आहे." त्याने येर्बाची वाटी तिच्या हातात दिली. "तुम्ही त्या खालच्या मजल्यावरच्या ना? सरकार सांगायची तुमच्याबद्दल. फार हुशार आहे म्हणायची."

माबेलने वाटी रिकामी करून परत दिली.

"पाय दुखतो का?"

"नसलेलाच जास्त दुखतो." तो हसला. "पाय जायचाच होता हो. मला काय अक्कल नाही? डोळ्यांनी बघत होतो ना काळा पडलेला. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो."

"विचारलं होतं म्हणतात."

"असेल. मला वाटलं, पट्टी बदलतायत." एक कुत्रे उठून दुसऱ्या बाजूला जाऊन झोपले. "आधी कळलं असतं तर एक मागून घेतलं असतं. पाय. देतात, मागितला तर. आमच्या रेल्वेतल्या त्या सांधेवाल्याला त्याचा दिला होता. दफनभूमीत बायकोच्या, एर्मेलिंदाच्या, शेजारी माझी जागा आहे. तिथं पुरून ठेवला असता, म्हणजे मी जाईन तेव्हा सगळा एका जागी झालो असतो. आता तो कुठं असेल, कुणास ठाऊक."

तेव्हा माबेल बोलू लागली. ती जे बोलायला आली होती ते सगळे. लाल चौकट, कोश, क्रमांक, नेल्बाची ओळ, अर्धी जोडलेली, अर्धी टाकलेली. सही, हिरवी पट्टी, न आलेला रकाना. तिने डोळे जमिनीकडे लावले होते. खूप दिवस आत साचलेले भराभर येत होते, आणि आवाज खाली खाली जात होता. तो मान हलवत होता.

"हो, हो," तो म्हणत होता. "हो. बरोबर आहे."

तिने वर पाहिले. तो तिच्याकडे बघून सौजन्याने हसत होता, अगदी छान, जसे पाहुण्याकडे बघून हसावे. त्याला एक अक्षर ऐकू आले नव्हते.

तिने पुन्हा सांगायला तोंड उघडले, आणि मिटले. त्याचा शर्ट खांद्यावर उसवला होता. तिने सुई-दोरा मागितला, तो शिवून दिला, आणि उन्हे कलल्यावर घरी आली.

त्या रकान्यासाठी तिने मग जे केले ते तिच्या स्वभावात नव्हते. तिने पत्रे लिहिली, राजधानीला बसने खेटे घातले, मंत्रालयातल्या सभांमध्ये तिची पाळी नसताना हात वर केला. एका सभेत एक बाई म्हणाल्या, "पण तेचेराबाई, मोकळा मजकूर नको असं इतकी वर्षं तुम्हीच तर शिकवत होतात." हशा झाला. माबेलही हसली. शेवटी रकाना आला. निळा, लाल चौकटीच्या शेजारी, प्रत्येक पानावर दिसणारा, नाव: रुग्णाशी वागताना. कोशाला न बांधलेला. माबेलने वॉर्डावॉर्डांत जाऊन तो दाखवला.

कोणी त्यात लिहिले नाही. जुन्या परिचारिका निवृत्त झाल्या होत्या, नेल्बाही. नव्या पोरी निवडायला शिकल्या होत्या. त्यांना रिकामी जागा दिसली की भीती वाटे. एका पोरीला माबेलने विचारले, सहा नंबरच्या बाईबद्दल काय माहीत आहे? पोरीने भडाभडा सांगितले: सून आली की पाणी पीत नाही, दिवा मालवला की रडते, गोळी दह्यातून लागते.

"मग हे इथं लिही ना."

"हे?" पोरगी ओशाळली. "हे काय लिहायचं बाई? हे असंच आहे."

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना माबेलने ती बाजूला ठेवलेली फाइल उघडली. वचन दिल्याप्रमाणे एकही ओळ हरवली नव्हती. तिला वाटले होते की त्या उचलून निळ्या रकान्यात ठेवल्या की झाले. पण ओळी शिळ्या झाल्या होत्या. नवरा जवळ असताना विचारू नका. तो नवरा अजून आहे का? आजीशिवाय गोळी घेत नाही. ती मुलगी आता कॉलेजात असेल. कुठली ओळ अजून जिवंत आहे हे तिला सांगता येईना, कारण त्यांतली बहुतेक माणसे तिने कधी पाहिलीच नव्हती. ज्यांनी पाहिली होती त्यांतली एकच गावात होती.

माबेल नेल्बाच्या दारात उभी राहिली तेव्हा नेल्बा मक्याची कणसे सोलत होती. तिने ऐकून घेतले आणि हातातले कणीस सोलून पुरे केले.

"पिन्तोस गेला, कळलं का?"

"हो. दफनाला गेले होते मी."

"मागे उभी होतीस. पाहिलं मी." तिने हात पुसले. "तुझ्यासाठी येत नाहीये. हे आधीच सांगते."

ती यायची ती दुपारची, लोकांच्या झोपेच्या वेळी. गुडघे दुखत नसले तरच. माबेल एकेक ओळ वाचायची आणि नेल्बा डोळे मिटून ऐकायची.

"'दाढी केल्याशिवाय डॉक्टरांना भेटत नाही.'"

"बास्सो. गेला."

"'मुलाचं नाव काढू नका.'"

"ती? गेली. मुलगा परत आला होता शेवटी, बरं का. लिहायला पाहिजे होतं कुणीतरी."

"'सुईआधी गाणं.'"

नेल्बा हसली, आणि तिचे हसणे अर्ध्यात थांबले. "गेला. गाणं काय भयंकर म्हणायचा गं."

कितीतरी दुपारी फक्त "गेली", "गेला" एवढेच ऐकू येई. अधूनमधून एखादे जिवंत माणूस सापडायचे, मग दोघी ते निळ्या रकान्यात नीट लिहायच्या, नेल्बा शब्द सांगायची आणि माबेल टाइप करायची. कामाला आल्या त्या तेवढ्याच. बाकी सगळ्या ओळी, ज्यांनी कोणाचे तरी दुखणे हलके करायला हवे होते, त्या वर्षांत कोणाला दिसल्याच नाहीत, आणि आता त्या ज्यांच्या होत्या ती माणसेच उरली नव्हती.

एके दुपारी एक ओळ आली: दार उघडे ठेवा. एवढेच. माणूस जिवंत होता, चोपन्न वर्षांचा, शेजारच्या गावातला. लिहिणारीचे नाव नव्हते.

नेल्बाने डोळे मिटले. उघडले. "आठवत नाही."

"बहुतेक कोंडल्यासारखं होत असेल."

"किंवा बायको बाहेर बसत असेल, ती दिसावी म्हणून. किंवा काय, कुणास ठाऊक." तिने थर्मास हलवून पाहिला, पाणी संपले होते. "मला नाही आठवत, माबेल."

"मग राहू दे? कारण माहीत नसताना लिहिणं म्हणजे..."

"दार उघडं ठेवायला काय जातंय?"

माबेलने निळ्या रकान्यात त्या माणसाच्या नावापुढे ती ओळ, होती तशी, उतरवली.

"पुढची वाच," नेल्बा म्हणाली.